दवंडी कोणासाठी?

सप्टेंबर महिना उजाडला की मराठी ख्रिस्ती कुटुंबांची पावले हरेगावच्या वाटेला लागतात. श्रीरामपूरला उतरून मतमाउलीच्या यात्रेला निघालेल्या भाविकाला रस्त्याच्या दुतर्फा उसाचे मळे दिसतात, मधूनच पाटाची चारी आडवी जाते, आणि हा मुलूख मुळातच असा हिरवागार असावा असे त्याला वाटते. वास्तविक अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा हा भाग अवर्षणाचा. येथील पाणी पश्चिमेकडून, शंभरावर किलोमीटर अंतरावरून, प्रवरेच्या पात्रातून आणि कालव्यांतून येते. ते जिथे अडविले जाते ते ठिकाण म्हणजे अकोले तालुक्यातील भंडारदरा. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते या धरणाचे उद्घाटन झाले. २०२६ हे त्याच्या शताब्दीचे वर्ष होय.

अशा निमित्ताने धरणाची उंची, त्याचे दगडी बांधकाम आणि त्यामुळे बहरलेली साखर कारखानदारी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यही आहे. आम्हांला मात्र या शतकाची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवावयाची आहे. सरकारने काही ठरविले तर ते लोकांना कोण सांगत असे, कसे सांगत असे, आणि ऐकणाऱ्याला त्यावर काही बोलण्याचा अधिकार होता की नव्हता, हा आमचा विषय आहे. पाणी कोणत्या वाटेने गेले हे नकाशावर दिसते. बातमी कोणत्या वाटेने गेली हे मात्र शोधावे लागते.

चावडीवरची नोटीस

भंडारदऱ्याचे काम १९१० साली सुरू झाले. शेंडी, मुरशेत, पांजरे, रतनवाडी, घाटघर ही त्या परिसरातील गावे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. भात, नागली, वरई ही पिके आणि सह्याद्रीचे रान हा संसार. एवढा मोठा जलाशय व्हावयाचा म्हणजे नदीकाठची शेते पाण्याखाली जाणार हे उघड होते. अशा जमिनी त्या वेळी १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये घेतल्या जात. सरकारी राजपत्रात अधिसूचना निघे आणि तिचा मजकूर गावात जाहीर केला जाई. गावोगावी अशा जाहिरातीची रूढ साधने दोनच होती: चावडीवर डकविलेली नोटीस आणि हलगी वाजवून दिलेली दवंडी.

आता या कायद्यातील एक बारकावा पाहण्यासारखा आहे. १८९४ च्या मूळ कायद्यात जमीनधारकाला नुकसानभरपाईचा दावा सांगता येत असे. परंतु 'माझी जमीन घेऊ नका' अशी हरकत नोंदविण्याची तरतूदच त्यात नव्हती. ती १९२३ साली कलम ५-अ म्हणून घालण्यात आली. तोवर भंडारदऱ्याच्या कामाला तेरा वर्षे झाली होती. म्हणजे धरणाखाली जाणाऱ्या शेताच्या धन्याला दवंडी ऐकू आली असेल, नोटीस कोणी वाचूनही दाखविली असेल. पण त्या नोटिशीला उत्तर नव्हते. ती कळविण्यासाठी होती, विचारण्यासाठी नव्हती.

त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. तो १९२१ मध्ये सुरू झाला. मावळे हरले, धरण झाले; परंतु पुण्यातील वृत्तपत्रे जवळ होती, पुढारी जवळ होते, म्हणून मुळशीचे नाव इतिहासात राहिले. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या शेंडी-मुरशेतच्या शेतकऱ्यांपाशी असे कोणी नव्हते.

आपल्या ख्रिस्ती वाचकांना कळविणे आणि विचारणे यांतील भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. विवाहापूर्वी आपल्या देवळात वधूवरांची नावे तीन रविवारी वाचली जातात. ही प्रथा फार जुनी आहे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ती सर्वत्र लागू केली आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली तीन वेळा घोषणा करण्याचा नियम घातला. ही घोषणा केवळ आनंदाची वार्ता नसते. या विवाहास कोणाला काही अडचण ठाऊक असल्यास ती धर्मगुरूंना कळवावी, असे आवाहन तिच्यात असते. घोषणा ऐकणाऱ्यावर एक जबाबदारी येते आणि त्याच्या शब्दाला वजनही असते. चावडीवरच्या त्या नोटिशीत नेमके हेच नव्हते.

पाटाखालची बातमी

धरण झाले, संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळू लागले आणि लाभक्षेत्रात एक नवीन भाषा जन्माला आली. शेजपाळी, आवर्तन, पोटचारी, पाटकरी, टेल हे शब्द आजही संगमनेर-राहाता-श्रीरामपूर भागातील शेतकऱ्याच्या तोंडी असतात. कालव्याला पाणी कधी सुटणार, किती दिवस चालणार, पाळी कोणाची, याची बातमी ज्याला वेळेवर कळे त्याचे पीक उभे राही. पाण्यासाठी नमुना नंबर ७ वर अर्ज करावा लागे, त्याला मुदत असे, आणि मुदतीची जाहिरात पुन्हा चावडीवरच लागे. ज्याला वाचता येत होते, ज्याची कालवा निरीक्षकाशी ओळख होती, ज्याचा मुक्काम बाजाराच्या गावी होता, तो अर्ज भरून मोकळा होई. टेलचा शेतकरी मात्र पाटकऱ्याची वाट पाहत बांधावर बसे.

ज्यांच्यापाशी भांडवल आणि माहिती होती त्यांनी या पाण्याचे सोने केले. बाहेरून आलेल्या बागायतदारांनी जमिनी खंडाने घेतल्या. हरेगाव येथे ब्रॅडी कंपनीचा बेलापूर साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या उसासाठी परिसरातील नऊ गावांची हजारो एकर जमीन सरकारने घेऊन कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. पुढे जमीन कमाल मर्यादेचा १९६१ चा कायदा आला, १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले, कारखानाही कालांतराने बंद पडला. परंतु मूळ मालकांच्या वारसांचा जमिनीसाठीचा लढा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. यात्रेला गेल्यावर ज्या मोकळ्या शिवारात आपण वाहने उभी करतो आणि शिदोरी सोडतो, त्याच्या आसपासच्या मातीला हा इतिहास आहे.

या चित्राला एक उजळ बाजूही आहे. १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकाराच्या पुढे काय चुका झाल्या, त्यांची चर्चा वेगळी. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, सभासद शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदा छापील अहवाल पडू लागला आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून 'हा खर्च कशापायी?' असे विचारण्याचा त्याला कायदेशीर हक्क मिळाला. प्रवरेच्या काठी बातमी प्रथमच दुतर्फा वाहू लागली.

पावसाचा आकडा म्हणून

आणि धरणाच्या काठावर? पावसाळ्यात जिल्ह्यातील कोणतेही मराठी दैनिक उघडावे. भंडारदऱ्यात नवीन पाणी किती आले, साठा किती दशलक्ष घनफूट झाला, नदीत किती क्युसेक विसर्ग सोडला, हे ठळकपणे छापलेले असते. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. हा आकडा लाभक्षेत्रातील कितीतरी लोकांना तोंडपाठ असतो. 'भंडारदरा भरले' ही बातमी श्रीरामपूरच्या बाजारपेठेत सणासारखी साजरी होते. त्याच बातमीच्या तळाशी घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी अशी नावे असतात आणि प्रत्येकापुढे मिलिमीटर लिहिलेले असतात. या गावांचे नाव वर्तमानपत्रात नियमाने येते ते एवढ्यासाठीच. पाऊस ओसरला की गावेही पानावरून ओसरतात. फेब्रुवारी-मार्च उलटल्यावर ज्या पाड्यांवरच्या स्त्रिया हंडे घेऊन झऱ्याकडे निघतात, ते हेच पाडे होत. राज्यातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशात आणि भरल्या धरणाच्या कडेला ही पायपीट का, हा प्रश्न विचारण्याची जागा त्यांना कित्येक वर्षे मिळाली नव्हती.

कळविण्याचा प्रश्न कधीकधी जीवनमरणाचा असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले, त्या वेळी नागरिकांना वेळेवर सावध केले गेले नाही, ही खंत पुणेकरांच्या मनात कायम राहिली. त्यानंतर आठ वर्षांनी, १९६९ मध्ये, भंडारदऱ्याच्या भिंतीलाही तडे गेल्याचे आढळले. पुढील काळात आधारभिंती बांधून ती मजबूत करण्यात आली आणि संकट टळले. परंतु धरणाखाली राहणाऱ्या माणसाला धरणाच्या प्रकृतीची वार्ता मिळणे हा त्याच्यावर केलेला उपकार नसून त्याचा हक्क आहे, हे अशा प्रसंगांनी शिकविले.

बोर्डापासून ग्रामसभेपर्यंत

स्थानिक कारभार लोकांच्या हाती द्यावा असा विचार आपल्याकडे सरकारी कागदावर आला तो लॉर्ड रिपन यांच्या मे १८८२ च्या ठरावाने. १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. रस्ते, शाळा, धर्मशाळा, दवाखाने ही कामे बोर्डाकडे आली. मतदानाचा हक्क मात्र मालमत्ता असलेल्या मोजक्यांनाच होता. बोर्डात काय ठरले हे डोंगरावरच्या पाड्याला कळण्याची सोय नव्हती.

या पोकळीत नियतकालिकांनी थोडेफार काम केले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथेच 'ज्ञानोदय' सुरू केला. आपल्या कॅथॉलिक समाजात फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०३ मध्ये 'निरोप्या' मासिक काढले. १९०७ मध्ये तेच पुण्याचे बिशप झाले. निरोप्या म्हणजे निरोप पोहोचविणारा. विखुरलेल्या, बहुतांशी निरक्षर समाजात एखादा शिक्षक किंवा कॅटेकिस्ट अंक वाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही त्या काळच्या वाचनाची रीतच होती. दवंडी आणि मासिक यांत अंतर आहे ते एवढेच की, मासिकाच्या संपादकाला वाचक उलट पत्र लिहू शकतो.

स्वातंत्र्यानंतर कायदे भराभर पुढे सरकले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला आणि त्यात ग्रामसभेला स्थान मिळाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ मध्ये ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभा घटनेत गेली. १९९६ साली अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायतींचा विस्तार करणारा कायदा, ज्याला आपण 'पेसा' म्हणतो, तो संसदेने केला. अकोले तालुक्यातील आदिवासी गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. त्यामुळे भंडारदरा परिसराला हा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम मात्र २०१४ साली केले. या नियमांमुळे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. लोक जमतील तेवढ्यांत उरकून घेण्याची पळवाटही राहिलेली नाही. एकूण सभासदांच्या पंचवीस टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. ज्या कायद्याने १८९४ साली त्या खोऱ्यातील माणसाला ऐकण्यापुरते ठेवले होते, तिथपासून इथवर यावयास एकशेवीस वर्षे लागली.

कायदा असणे आणि तो वापरला जाणे यांतील अंतर कसे बुजते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी दरवर्षी पावसाळ्यानंतर ग्रामसभा भरते. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, याचा हिशेब सर्वांसमोर मांडला जातो आणि त्यावरून त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची हे ठरते. पाणी कमी असेल तर जास्त पाण्याची पिके घेतली जात नाहीत. शेतीसाठी कूपनलिकांवर बंदी गावानेच घातली आहे. सरपंचपद भूषविलेल्या पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. त्यांनी स्वतःच वारंवार सांगितल्याप्रमाणे ही करामत एका माणसाची नाही. बातमी सर्वांना एकाच वेळी कळते आणि निर्णय सर्वांसमोर होतो, यात तिचे मूळ आहे.

येथे आपल्या समाजाने कृतज्ञतेने स्मरण करावे असे एक नाव म्हणजे फादर हर्मन बाखर. हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी आपले आयुष्य अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी शेतकऱ्यांसाठी वेचले. १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासमवेत त्यांनी पाणलोट विकासासाठी 'वॉटर' ही संस्था उभी केली. तिचे काम अकोले तालुक्यातही झाले. त्यांच्या कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करावयाचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावयाची, आणि शेतकऱ्याच्या प्रत्येक तुकड्याचे नियोजन त्याच्या बांधावर उभे राहून, पतिपत्नी दोघांना विचारून करावयाचे, अशी रीत होती. डोंगराची माती अडवितानाही आधी विचारण्याची ही पद्धत होती. २०२१ मध्ये फादर बाखर निवर्तले. त्यांनी घालून दिलेली विचारण्याची रीत मात्र अनेक गावांत रुजली आहे.

लहान शहराची उणीव

खेड्यातील माणसाला निदान ग्रामसभा आहे. परंतु कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या श्रीरामपूर, संगमनेर, राहाता यांसारख्या लहान शहरांतील रहिवाशांचे काय? ७४ वी घटनादुरुस्तीही १९९३ चीच. परंतु तिने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. लहान शहराचा नागरिक या दृष्टीने मधल्यामध्ये राहिला: खेड्यासारखी ग्रामसभा नाही, महानगरासारखी प्रभाग समिती नाही. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा सामान्यतः नागरिकांना खुली असते; तिथे जाऊन बसणारे नागरिक किती असतात, हे वाचकांनीच आठवून पाहावे. त्यातच राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपूनही निवडणुका रखडल्या. २०२५ च्या डिसेंबरात त्या होईपर्यंत कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. घरपट्टी वाढली, नळाला एक दिवसाआड पाणी आले, रस्त्याचा आराखडा बदलला, तर कोणाला विचारावे हे ठाऊक नाही अशी स्थिती होती.

ऐकण्याची साधने आज भरपूर आहेत. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे आणि त्यासाठी झालेल्या चळवळीत याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे अग्रभागी होते. अडचण आता ऐकण्याची राहिलेली नाही. उत्तर देण्याची आहे. सह्याद्रीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून वारंवार निघाली. ३१ जुलै २०२४ रोजीही निघाली. प्रत्येक वेळी हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत होती. मसुदा सह्याद्रीच्या खेड्यांविषयी आणि प्रसिद्धी दिल्लीच्या राजपत्रात. १९१० साली दवंडी होती, हरकत नव्हती. आज हरकत आहे, पण तिची वेळ निघून जाईपर्यंत दवंडीच ऐकू येत नाही.

निळवंडे धरणाची कल्पना १९७० सालची. भंडारदऱ्याखाली प्रवरेवरच झालेल्या या धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. मधली त्रेपन्न वर्षे दुष्काळी गावांनी घोषणा ऐकण्यात घालविली. परंतु त्याच गावांतील शेतकऱ्यांनी कालव्यांसाठी सभा घेतल्या, मोर्चे काढले, न्यायालयाची पायरी चढले, हेही विसरता कामा नये. पाणी आले त्यामागे त्यांचे हे उत्तर देणेही होते.

वाचकहो, रविवारी मिस्सानंतर आपल्या देवळात सूचना वाचल्या जातात. कोणाचे नोव्हेना, कोणती सहल, कोणत्या संघाची बैठक, हे आपण कान देऊन ऐकतो. त्या सूचनांत पुढील ग्रामसभेची तारीख असावी, नगरपरिषदेने मागविलेल्या हरकतींची अखेरची मुदत असावी, इतके करणे कोणत्याही धर्मग्रामाला अवघड नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांनी चार शेजाऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. महिला मंडळाने ग्रामसभेआधीच्या महिला सभेला एकत्र जावे. यात्रेच्या दिवशी हरेगावला आपण ज्या नळाचे पाणी ओंजळीत घेतो त्या पाण्याच्या वाटेवर, वरच्या टोकाला, आपल्यासारखीच कुटुंबे राहतात. त्यांच्याही पाड्यावर दवंडी पोहोचली का, आणि त्यांचे म्हणणे कोणी लिहून घेतले का, एवढी चौकशी आपण अवश्य करावी.